तीनदा नको

कस्तुरीच्या पुढ्यातलं थालीपीठ निवून चामट झालं होतं, तरी वृषालीनं लेकीच्या तोंडापुढचा घास खाली ठेवला नव्हता.

आठवीतल्या सगळ्या मुलांसारखी कस्तुरीच्याही कानामागे भूकपट्टी बसवली होती. वडापाव, चिप्स खाऊन पोरं फुगत चालली, म्हणून ही सोय. मूल "नको" म्हणालं की पट्टी भूक मारते. एका नकोला एक दिवस. पालकसभेत वृषालीनंच सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या होत्या.

परवा कराडला आत्याकडे जाताना तिनं पोरीला बजावलं होतं, "ताटावर तुटून पडू नकोस. आधी तीनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. नाहीतर हावरट म्हणतील."

पोरगी गुणाची. आत्याचा बेसनलाडू बघून तोंडाला पाणी सुटलं, तरी ती शहाण्यासारखी तीनदा नको म्हणाली. चौथ्यांदा लाडू पुढे आला, तेव्हा त्याच्या वासानंच तिला उमासा आला.

वृषालीनं दुसऱ्या हातानं हेल्पलाइनला फोन लावला.

"पट्टी मध्येच बंद करता येत नाही, ताई," तिथला माणूस म्हणाला. "पण इथे तर चौदा नको दिसतायत. घरी आग्रह करताय का?"

फोन ठेवून तिनं लेकीकडे पाहिलं. कस्तुरीचे गाल बसले होते, ओठांची सालं निघत होती. आईचा जीव तो, राहवेना.

"एकच घास गं, माझी शपथ."

"नको ना, आई."

कानामागे पट्टी टिक् वाजली. वृषालीनं जीभ चावली, ताट दूर सारलं आणि दुधाचा पेला उचलला.

"बरं, घोटभर दूध तरी?"