चार दिवसांचं माहेरपण

मंगळावरून आलेली डबी कमलिनीबाईंनी जोडली आणि लॅपटॉप हँग झाला. डबीत त्यांची लेक होती. दरवर्षी शर्वाणी चार दिवसांच्या माहेरपणाला आपल्या मनाची प्रत पाठवायची. स्वतः येणं काही जमत नव्हतं.

"काकू, गेल्या वर्षीची पुसली नाहीत वाटतं?" दुरुस्तीवाल्याने फोनवर विचारलं. "एकाच माणसाच्या दोन प्रती एका मशिनमध्ये चालत नाहीत. जुनी काढून टाका."

"अहो, ती रोज माझ्याबरोबर पोथी वाचते. आज सकाळीच म्हणाली, आई, संकष्टी आहे, चंद्रोदय नऊ बावीसला."

"पण लेकीच्या वर्षभराच्या गोष्टी नवीत आहेत ना!"

कमलिनीबाईंनी फोन ठेवला. सकाळी आई म्हणून हाक मारणारीला दुपारी पुसायचं कसं? शेवटी त्यांनी डबीच ओढून काढली. लॅपटॉप लगेच सुरू झाला.

"आई, कोण आलं होतं गं?" आतून गेल्या वर्षीच्या शर्वाणीने विचारलं.

"कुणी नाही, बाळा," म्हणत त्यांनी डबीला हळदकुंकू लावलं आणि खण, नारळ, ओंजळभर तांदूळ घालून ती परतीच्या खोक्यात ठेवली.