शून्याची प्रिंट

पडद्यावर ‘एक’ आलं. यायला हवं होतं शून्य.

धाकटीने रेणू पुसला आणि पुन्हा काढला. षटकोन, त्याला चिकटलेला पंचकोन, कोपऱ्यात नायट्रोजन, खाली लांबलचक शेपूट. एकेक रेघ बोट लावून तपासली. रसायनशास्त्राच्या त्या ऑनलाइन भांडारात जगभरातले शोधनिबंध भरलेले होते. चौकटीत रेणूचं चित्र काढायचं, ‘शोधा’ म्हणायचं, की तो आधी कुणी बनवलाय का ते कळायचं. तिने ‘शोधा’ म्हटलं. पुन्हा एक.

प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी आली म्हणून तिला धाकटी म्हणायचे. त्याला सहा वर्षं झाली, तरी ती धाकटीच राहिली, कारण तिच्यानंतर सरांच्या हाताखाली यायला कुणी धजावलंच नव्हतं. प्रबंध लिहून तयार होता. औषधाच्या कंपनीत नोकरी ठरली होती, आणि कंपनी महिनाअखेरपर्यंतच थांबणार होती. घोडं अडलं होतं सरांच्या सहीपाशी. सरांचा नियम होता, आधी शून्य निकालाची प्रिंट दाखवायची, मग सही. रेणू कुणी आधी बनवलेला निघाला तर दुसरा रेणू घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

आता हे सहा वर्षांपूर्वीच का नाही शोधलं, असं कुणीही विचारेल. विद्यापीठाने ते भांडार घेतलंच होतं याच महिन्यात. त्याआधी जगात काय नवं आणि काय जुनं ते सर स्वतःच सांगायचे. “हा रेणू कुणी शिवलेलासुद्धा नाही,” असं त्यांनी तिला तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं.

निरोप गेला तसे सर स्वतः ग्रंथालयात आले. ग्रंथपाल बाई चटकन उठून उभ्या राहिल्या. विभागप्रमुख ग्रंथालयात येणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. मागच्या खेपेला ते भांडाराची फीत कापायला आले होते, आणि त्याआधी कधी आले ते बाईंना आठवत नव्हतं. सर पडद्यापाशी गेले नाहीत. पडद्याकडे बघायला त्यांनी माणसं ठेवली होती. ते हात मागे बांधून खिडकीशी उभे राहिले.

“एक कसा येईल? नीट काढ.”

“तीनदा काढलाय, सर. शोधनिबंध मागच्याच वर्षीचा आहे. पण तो बनवायला त्यांना सात पायऱ्या लागल्यात, मला चारच. पद्धत माझी नवीन आहे. प्रबंधाचं शीर्षक तेवढं बदललं तर भागेल. आणि सर, लेखकाचं नाव...”

“लेखक गेला खड्ड्यात. मला शून्य हवंय.”

बाईंना राहवलं नाही. “डावीकडे गाळण्या आहेत, सर. नको असेल ते वगळता येतं.”

झालं. सरांना हुरूप चढला. आधी पेटंटं वगळली. मग परिषदांमधली भाषणं. मग परक्या भाषांमधलं सगळं. मग फार जुनं. धाकटी निमूटपणे क्लिक करत राहिली. दर वेळी चक्र फिरायचं, थांबायचं, आणि तो एक आपला तिथेच, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा. शोधायचं काम केव्हाच बाजूला पडलं होतं. सर आता तांदळातला खडा काढायला बसल्यासारखे निवडत होते.

“आता लेखकाचीच गाळणी उरली,” बाई म्हणाल्या. “नाव वगळलं की त्याचं सगळंच जातं.”

“मग तेच कर. आणि ऐकून ठेव. एकाच रेणूपायी दोन मुलांची वर्षं वाया जातात ना, तेव्हा मध्ये कुणीतरी कामचुकार मार्गदर्शक असतो. आपण कुणाला काय दिलंय याचा त्याला पत्ता नसतो. असल्या माणसाला दयामाया नको. उडव.”

धाकटीने क्लिक केलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच सरांनी सांगितलेलं काम तिने केलं नाही. तिला राग आला होता, आणि तो आता भीतीला पुरून उरला होता.

“सर, हे नाव वगळलं तर आपल्या विभागाचे सगळे शोधनिबंध उडतात. एकही उरत नाही.”

सर वळले. “आपले कसे उडतील?”

“आपल्या प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं असतं ना, सर. ह्याच्यावरही तुमचंच आहे.”

बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि उगाचच बंद केला. शोधनिबंध शेजारच्या विद्यापीठातून आला होता. तिथे सर मानद मार्गदर्शक होते. तिथल्याही कुणाला तरी त्यांनी हाच रेणू दिला होता, बहुधा तितक्याच छातीठोकपणे.

धाकटीने पिशवीतून कागद काढला. “शीर्षक बदलायचा अर्ज आहे, सर. यात विचारलंय, मार्गदर्शकांनी हा विषय आणखी कुणाला दिलाय का. काय लिहू?”

“तो रकाना राहू दे,” म्हणत सरांनी पेन काढलं आणि सही केली. धाकटीने अर्ज दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिला एकदम रडूच यायला लागलं.

सर मात्र हलले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्यासमोर बसले आणि तो शोधनिबंध उघडून वाचू लागले. पानामागून पान वर सरकत गेलं. हळूहळू कपाळावरची आठी गेली. मान डोलायला लागली.

“चांगलं लिहिलंय गं,” ते म्हणाले. “कुणी लिहिलंय?”