साक्ष

“बायबलवर हात ठेवायची सक्ती नाही,” फादर बोनिफेस म्हणाले. “आपण बौद्ध आहात. नुसतं ‘खरं सांगेन’ म्हणालात तरी पुरे.”

धम्मदीप ओव्हाळ तसं म्हणाला. तीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेली. खरं सांगेन म्हणायची सवय होती, सांगायची नव्हती.

बायकोला, नंदाला, पासपोर्टचं काम आहे असं सांगून तो कोथरूडहून निघाला होता.

महिन्यापूर्वी पेपरात बातमी होती. दयामाता धर्मसंघाच्या काही फादरांवर वसतिगृहातल्या जुन्या मुलांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते, आणि धर्मसंघ चौकशी करणार होता. धम्मदीपनं ती चारदा वाचली. धर्मसंघाला लिहिलेल्या पत्रात मात्र जेमतेम दोन ओळी उमटल्या : ‘दिवंगत फादर ग्रेगरींबद्दल सांगायचं आहे. मी त्यांच्या वाघोलीच्या वसतिगृहात होतो.’ लगेच उत्तर आलं : ‘आपली साक्ष नोंदवून घेऊ. अवश्य यावे.’

माणूस मेला तर मेला, निदान कागदावर यावा, एवढंच त्याला हवं होतं.

धर्मसंघाच्या कचेरीत भिंतीवर ग्रेगरींचा फोटो होता. खाली ताजी फुलं. आरोपीला फुलं? मेल्यावर सगळेच सज्जन, त्यानं स्वतःची समजूत घातली.

कोपऱ्यात एक सिस्टर टाइप करत होत्या. वय, इयत्ता, आजार, सगळं विचारून झालं. अकरावं वर्ष, टायफॉईड. डॉक्टरांनी आशा सोडून आईला बोलावून घ्या म्हणून सांगितलेलं.

“त्या रात्री फादर ग्रेगरी खोलीत आले. दार लावलं. डोक्यावर हात ठेवला.” पुढचा शब्द त्याला उच्चारता येईना.

“सांगायला शब्द नाहीत ना?” फादर बोनिफेसनी हळूच विचारलं.

“नाहीत.”

“कुणाकडेच नसतात. सिस्टर, तसंच लिहा.”

धम्मदीपला हायसं वाटलं. तो घाणेरडा शब्द न उच्चारता कुणाला तरी कळलं होतं.

“हातांना काही वास?”

तो दचकला. हे यांना कसं माहीत? “गुलाबाचा. साबण असेल.”

“गुलाब,” फादर सिस्टरना म्हणाले. मग धम्मदीपकडे वळले. “फादर ग्रेगरी अजून येतात?”

“येतात. स्वप्नात. कधी जागेपणीही. पायथ्याशी उभे असतात, बोलत नाहीत.”

टाइप करणं थांबलं. सिस्टरनी काटा आलेल्या हातांवर बाह्या ओढून घेतल्या.

“आणि ताप?”

“तापाचं काय घेऊन बसलात, फादर. सकाळी नव्हता.”

सिस्टरनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग फादर बोनिफेसनी विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलात?

“कोण विश्वास ठेवणार होतं?”

“आम्ही ठेवतो.”

चाळीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. धम्मदीपला रडू आलं. तशाच डोळ्यांनी त्यानं प्रत्येक पानावर सही केली. वाचून घ्या म्हणाले, पण वाचायची हिंमत नव्हती.

फादर बोनिफेसचेही डोळे भरले होते. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“रोमला जाणाऱ्या फायलीत हा चमत्कार सगळ्यात वर लावतो. ग्रेगरींना संत घोषित करायला आता अडचण येऊ नये.”