लितियाने न भरलेला आवाज

लेवुका बंदराच्या ऑफिसात होडी परतल्याची नोंद केली की कॉम्प्युटर तिचं नाव बोलून दाखवायचा. डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली आणि ती सोयच बंद झाली. म्हणून तिथे नोंदी ठेवणाऱ्या लितियाने प्रत्येक होडीसाठी "परत आली" असं स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं.

मासेमारीला निघालेला तिचा भाऊ विलिकेसा आत डोकावला. "माझ्या होडीचं, वुएतियाचं ऐकव की, ताई."

तिने बटण दाबलं. स्पीकरमधून तिचाच आवाज आला, हुंदके देत. "वुएतिया नाही आली."

"ही कसली गं थट्टा?"

"विली, मी हे बोललेच नाहीये." लितियाने स्पीकर बंद केला. "आज जाऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

"बरं बाई, नाही जात." तो हसत खुर्चीत बसला.

तेवढ्यात बाहेर इंजिन सुरू झालं. तो आवाज दोघांच्याही ओळखीचा होता. दोघं खिडकीकडे धावले.

वुएतिया धक्का सोडून समुद्राकडे निघाली होती. विलिकेसाने बहिणीचा दंड घट्ट पकडला.

सुकाणूपाशी उभा राहून जो लितियाला हात हलवत होता, तोही विलिकेसाच होता.