स्पिंडल कुणी हलवलं?

मिटा बरं डोळे. भवानीनगरच्या रस्त्याकडेला, उसाला लागून एक पत्र्याची शेड आहे आणि तुम्ही तिच्या दारात उभे आहात. आत सागाच्या भुशाचा वास दरवळतोय. छपरातून उन्हाची एक तिरीप खाली आली आहे. तिच्यात लाकडाची धूळ इतकी हळू तरंगते आहे, की जणू ती खाली पडायचंच विसरली आहे. त्या धुळीपलीकडे लाकडावर नक्षी कोरणारं एक मोठं मशीन आहे. त्याच्या मधोमध, खाली तोंड करून, लोखंडी स्पिंडल उभं आहे. सुरू झालं की ते भोवऱ्यासारखं फिरतं. आता शेजारी बघा. उंबऱ्याबाहेर वैष्णवी उभी आहे. तिला आत यायला बंदी आहे.

बंदी आली ती या स्पिंडलमुळे. ते टेबलावर अगदी सरळ उभं असावं लागतं. केसभर कललं तरी त्याचं पातं एका बाजूनं खोल जातं आणि गुळगुळीत फळीवर बारीक पायऱ्या उठतात. म्हणून वैष्णवीचे पप्पा, जोतीराम, स्पिंडलला एक आडवा दांडा बांधत. दांड्याच्या टोकाला घड्याळासारखी डायल लावत आणि हातानं तो दांडा टेबलावर गोल फिरवत. सुई जागची हलली नाही, तर स्पिंडल सरळ. ती न हलणारी सुई बघताना वैष्णवी श्वास रोखून धरायची.

पण सरळ केलेलं स्पिंडल थोड्या दिवसांनी पुन्हा कललेलं सापडायचं. निरवांगीच्या देवळाच्या दाराची एक फळी त्यात वाया गेली आणि पप्पांचा पारा चढला.

"कुणी हात लावला हितं?"

"मी न्हाय, पप्पा."

"मग काय भूत येतंय व्हय? माझ्या मागं तूच असतीस. आजपासनं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय."

"लेकराला कशाला बोलताय?" चिखलाचे पाय धुता धुता आई म्हणाली. "तुमचं मशीनच नखऱ्याचं हाय."

तेव्हापासून शाळेतून आली की वैष्णवी दारातच थांबायची. बंदीचं तिला तेवढं वाटत नव्हतं. पण आता पप्पा तिच्याकडे बघताना आधी तिच्या हातांकडे बघायचे. ते तिला सलायचं.

आज त्यांनी पुन्हा डायल फिरवली. सुई हलली. इतके दिवस ते नसताना शेडला कुलूप असायचं आणि किल्ली त्यांच्याच खिशात असायची.

"आता कुणाला धरू?" ते स्वतःशीच पुटपुटले.

शेडमागच्या उसात आई पाणी वळवत होती. सरीतून सरीत जाणाऱ्या पाण्याचा आवाज झोप आणणारा होता. वैष्णवीची नजर खाली गेली. मशीनच्या एका पायाजवळ मुंग्या गोल गोल फिरत होत्या, वाट हरवल्यासारख्या.

"पप्पा, भेग कुठं गेली?"

"कसली भेग?"

"तितं कोब्याला भेग होती. मुंग्या तिच्यातनं घरी जायच्या. आता बघा, त्यास्नी दारच न्हाय."

पप्पा गुडघ्यावर बसले. त्यांनी बोट फिरवलं. भेग पार मिटली होती, तिची फक्त रेघ उरली होती. त्यांनी पाणसळ जमिनीवर ठेवली. तिच्यातला बुडबुडा सावकाश एका बाजूला सरकला. त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं. पलीकडून उसाचं पाणी तिला अगदी टेकलं होतं. फळी वाया गेली, त्या दिवशीही उसात पाणी होतं. त्याच्या आधीच्या वेळीही.

"काळी माती," ते हळूच म्हणाले. "पाणी प्याली की फुगती, तहानली की आक्रसती. मशीनचा एक पायच उचललाय तिनं. सगळा सांगाडा पिळलाय." मग ते वळले. या वेळी त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं नाही. "तू न्हाय गं. मीच चुकलो. ये, आत ये."

वैष्णवीनं चपला काढल्या. गाढ झोपलेल्या कुणाच्या तरी वरखाली होणाऱ्या पोटावरून चालावं, तशी एकेक पाऊल हलकं टाकत ती आत आली.