आधीचे मालक

कुंड्यांनी भरलेली आमची जुनी डिझेल पिकअप बायको चालवत होती. पुलाच्या चढावर गाडीने अचानक मान टाकली, भसाभस काळा धूर सोडला आणि एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्या पुढे निघून गेला. मी शेजारी बसल्या बसल्या निदान केलं, "तू अर्ध्या क्लचवर चालवतेस. वाट लावलीस गाडीची. उद्यापासून रोपवाटिकेचा माल मीच पोचवणार, तू स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस."

मग मी डिझेलचा फिल्टर बदलला, टाकी रिकामी करून धुतली, इंजेक्टर साफ करून आणले. गाडी धापा टाकतच राहिली. निदान रोज बदललं, गुन्हेगार मात्र तोच ठेवला.

चौथ्या दिवशी बायकोने मेकॅनिकला बोलावलं. त्याने एअर फिल्टर बाजूला केला, मागच्या पाइपात पक्कड घातली आणि काळाकुट्ट झालेला एक नॅपकिन ओढून काढला.

"फिल्टर साफ करताना कोणीतरी आत विसरलंय, साहेब. इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता."

बायको गाडीचा फिल्टर कधीच उघडत नाही. एअर फिल्टर साफ करायचं काम माझंच.

"आधीच्या मालकाचा असेल," मी म्हणालो.

 

"गाडी आपण शोरूममधून कोरी आणली होती," चावीसाठी हात पुढे करत ती म्हणाली, "पण हरकत नाही, आजपासून आधीचे मालक तुम्ही."