झाकणाखालचा फेस

इंजिनात तेल भरायचं झाकण वडिलांनी फिरवून काढलं, उलटं केलं आणि तिच्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पिवळट फेस चिकटला होता, कॉफीच्या रिकाम्या कपाला राहतो तसा.

"ही बघ तुझी हौस. घ्यायच्या आधी हे उघडून पाहिलं होतंस?"

"विकणारा म्हणाला, एकहाती वापरलेली आहे."

"एकहाती! हात कुणाचा ते विचारायचं होतंस."

ती हसली नाही. फेस म्हणजे काय, हे गॅरेजवाल्याच्या मुलीला शिकवावं लागत नाही. गॅस्केट फाटून इंजिन थंड ठेवणारं पाणी आतल्या आत तेलात झिरपायला लागलं की असा फेस धरतो. मग इंजिन खोलायचं. आणि जुन्या गाडीचं इंजिन एकदा खोललं की त्या गाडीत फारसा राम राहत नाही.

वडिलांनी तेल मोजायची डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली. टोकावरचं तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. गॅरेजमधला हिस्सा सोडल्यापासून त्यांचे हात असे काळे झाले नव्हते.

"गॅस्केट गेलं का, बाबा?"

"उभ्या गाडीवरून नाही सांगता येत." त्यांनी डिपस्टिक जागेवर बसवली. "तासभर सलग पळवायला हवी. चांगली तापली की कळेल. टेकडीच्या रस्त्याने जाऊ. मी शेजारी बसतो, आवाज ऐकतो."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "सकाळपासून शर्ट बदलून बसलेत. जा बाई घेऊन एकदाची!"

तिने मनगटावर नजर टाकली. "रविवारी नक्की. आज खरंच कामं पडली आहेत माझी."

"रविवारी तर रविवारी," वडील म्हणाले. बॉनेट खाली आणून त्यांनी दोन्ही तळव्यांनी दाबलं आणि ते लागलं की नाही हे पाहायला पुन्हा एकदा दाबलं. "तोवर दामटू नकोस. ऑफिसला ने, घरी आण, बस्स."

हे गुरुवारी झालं. शुक्रवारी दुपारी वडील जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

माणसं आली, राहिली, आपापल्या घरी गेली. ती पुन्हा ऑफिसला जायला लागली, गाडीनेच. एके दिवशी आई म्हणाली, "त्या गाडीचं काय ते बघून घे. भर रस्त्यात बंद पडली तर आता धावत कोण येणारे?"

ती गाडी वडिलांच्या जुन्या भागीदाराकडे, काकांकडे घेऊन गेली. गॅरेज आता एकट्या काकांचं होतं. त्यांनी झाकण काढून पाहिलं, डिपस्टिक पाहिली, पाण्याची टाकी पाहिली. मग एक पत्रा शेगडीवर तापवून त्यावर तेलाचा थेंब सोडला. थेंब पसरला. त्यातून बारीकसा धूर निघाला, आवाज आला नाही.

"पाणी असतं तर चरचरलं असतं," काका म्हणाले. "टाकीतलं पाणीही जिथल्या तिथे आहे. ठणठणीत आहे तुझी गाडी."

"मग हा फेस?"

"घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. ती तापायच्या आत तू तिला बंद करतेस. आतली वाफ जाणार कुठे? बसते झाकणाला चिकटून."

"पण बाबा म्हणाले होते, उभ्या गाडीवरून सांगता येत नाही."

काकांनी मान वर केली. "कोण म्हणालं?"

"बाबा."

"डिपस्टिक काढली होती त्याने?"

"वाससुद्धा घेतला होता."

"अगं, मग त्याला तिथेच कळलं असणार! गाडी फाटकातून आत येईपर्यंत बिघाड कुठला यावर हा बाबा माझ्याशी पैज लावून मोकळा व्हायचा. त्याला कळलं नाही म्हणतेस?"

"तासभर पळवायला हवी म्हणाले. शेजारी बसून आवाज ऐकतो म्हणाले."

"पळव की. पळवलीस तर फेस जाईलही. पण त्यासाठी शेजारी माणूस कशाला लागतो?"

बोलता बोलता काकांना हसू आलं, आणि मध्येच ओसरलं. हातातल्या मळक्या फडक्याची त्यांनी घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

गॅरेजमधून बाहेर पडल्यावर ती घराकडे वळली नाही. दुकानं संपली, मग घरं संपली. चढावर तापमानाचा काटा हळूहळू वर सरकत मधोमध आला आणि तिथेच थांबला. इंजिनचा आवाज एकसारखा होता. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. ती ऐकत राहिली.

टेकडीच्या पलीकडे रस्ता सपाट झाला. तास केव्हाच होऊन गेला होता. पुढे पेट्रोल पंपापाशी परत फिरायला जागा होती. तिने वेग कमी केला, इंडिकेटर लावला. आईबाबांकडची भेट कुठलीही असो, आधी उठायची ती तीच. वडील फाटकापर्यंत यायचे आणि गाडी दिसेनाशी झाली की आत जायचे, असं आईने कधीतरी सांगितलं होतं.

इंडिकेटर टिकटिकत होता. मागचा ट्रक हॉर्न देऊन पुढे निघून गेला.

तिने इंडिकेटर बंद केला.

"अजून थोडं पुढे जाऊ या, बाबा," ती म्हणाली.